चंद्रकांत पंडित : खेळाडू आणि शिक्षक

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. साकोली, लाखनी, पवनी या बाजूंना फिरणाऱ्या माणसाला गांवोगांवीं एखादा तलाव, निदान लहानशी बोडी तरी आढळतेच. यांतील बहुतेक तलाव निसर्गानें आयते दिलेले नाहींत. कोहळी समाजांतील जाणत्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या पाळी घालून ते निर्माण केले आहेत. या मुलखांत पाऊस थोडा पडतो असें नाहीं. परंतु पडलेलें पाणी उतारानें वाहत जाऊन वैनगंगेला मिळालें, तर धानाच्या बांध्यांना ऐन गरजेच्या वेळीं त्याचा कांहीं उपयोग नाहीं. पाळ घातली म्हणजे तेंच पाणी थांबतें, आणि पाऊस सरल्यावर, धानाचा दाणा भरण्याच्या सुमारास, पाटानें शेतांत येतें. पाळ घालणारा माणूस पाऊस पाडीत नाहीं. पण पीक हातीं येतें तें त्याच्यामुळें.

खेळाच्या क्षेत्रांत शिक्षकाचें काम पुष्कळसें असेंच असतें. गुणवत्ता ही पावसासारखी आहे. ती कोठेंही पडते. ती थांबविणें, सांठविणें आणि योग्य वेळीं योग्य ठिकाणीं नेऊन सोडणें, हें शिक्षकाचें कौशल्य. भंडाऱ्यासह विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांनीं हें कौशल्य २०१७ ते २०१९ या दोन हंगामांत क्रिकेटच्या मैदानावर पाहिलें. तें दाखविणारे गृहस्थ वैदर्भीय नव्हते. ते मुंबईचे होते, एके काळचे भारताचे यष्टिरक्षक होते, आणि त्यांचें नांव चंद्रकांत पंडित.

त्यांच्या कामाचें मोल कळण्यासाठीं विदर्भाची पूर्वस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. निरनिराळ्या प्रांतांच्या संघांमध्यें होणारी रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ च्या हंगामांत सुरू झाली. विदर्भाचा स्वतंत्र संघ तींत प्रथम उतरला तो १९५७-५८ सालीं. तेव्हांपासून सुमारें साठ वर्षें या संघाला उपांत्य सामन्याचेंही दर्शन घडलें नव्हतें. याचा अर्थ या भूमींत खेळाडू निपजत नव्हते असा नाहीं. भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यांत, १९३२ सालीं, ज्यांनीं संघाचें नेतृत्व केलें, ते कर्नल सी. के. नायडू १८९५ सालीं नागपुरांतच जन्मले होते. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा भाग इंदूरच्या होळकरांच्या आश्रयानें फुलला, आणि रणजी स्पर्धेंत त्यांच्या पराक्रमाचा लाभ इंदूरला झाला. पुढें नागपूरजवळच्या वलनी येथील कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या एका कामगाराचा मुलगा, उमेश यादव, २०११ सालीं भारताकडून कसोटी सामना खेळला. विदर्भ संघांतून कसोटीपर्यंत पोंचलेला तो पहिला खेळाडू. पाऊस पडत होता. पण एकेक सर आली आणि वाहून गेली, असेंच पुष्कळ काळ चाललें होतें.

चंद्रकांत पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ रोजीं मुंबईंत झाला. त्यांचें क्रिकेटचें शिक्षण दादरच्या शिवाजी पार्कावर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखालीं झालें. आचरेकर यांची स्वतःची खेळाडू म्हणून कारकीर्द फार लहान; प्रथम श्रेणीचा अवघा एकच सामना त्यांच्या नांवावर आहे. परंतु शिक्षक म्हणून त्यांची योग्यता एवढी मोठी कीं, १९९० सालीं त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि सचिन तेंडुलकरांसह अनेक कसोटीवीर त्यांचे शिष्य म्हणून ओळखले गेले. मोठा खेळाडू आणि मोठा शिक्षक या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा प्रत्यक्ष दाखला पंडितांना असा बालपणींच पाहावयास मिळाला.

खेळाडू म्हणून पंडित यांनीं जें मिळविलें तें थोडें नव्हतें, पण मनाजोगतेंही नव्हतें. १९८६ सालीं इंग्लंडमध्यें लीड्स येथें ते पहिला कसोटी सामना खेळले. तोही फलंदाज म्हणून. कारण यष्ट्यांमागें किरण मोरे होते. एका संघांत यष्टिरक्षकाची जागा एकच असते, आणि त्या काळांत ती बहुधा मोरे यांच्याकडेच राहिली. १९८७ च्या विश्वचषक स्पर्धेंत मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना झाला, तेव्हां आजारी दिलीप वेंगसरकरांच्या जागीं पंडितांना खेळविण्यांत आलें. त्यांनीं २४ धांवा केल्या, परंतु भारत ३५ धांवांनीं हरला. १९९२ पर्यंत त्यांच्या वांट्याला ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. याच्या उलट प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनीं आठ हजारांहून अधिक धांवा आणि २२ शतकें केलीं. म्हणजे घरच्या अंगणांत ते मातब्बर होते. मात्र मोठ्या मांडवांत त्यांना मानाचें पान क्वचितच मिळालें.

तथापि यष्ट्यांमागें उभें राहिल्यानें एक शिक्षण आपोआप होतें. गोलंदाज षटक टाकून विसांवा घेतो; सीमेवरच्या खेळाडूचें लक्ष क्षणभर ढळलें तरी चालून जातें. यष्टिरक्षकाला मात्र प्रत्येक चेंडूला खालीं बसून उठावें लागतें. फलंदाजाचा पाय कोठें पडतो, गोलंदाजाचा हात केव्हां थकतो, कोणता सहकारी मनानें सामन्यांतून निघून गेला आहे, हें सर्व त्याला दिसत असतें. खेळाडू खेळत असतांनाच पुढील शिक्षकाची तयारी येथें होत असते.

दुसरें शिक्षण पराभवानें दिलें. १९९०-९१ च्या रणजी अंतिम सामन्यांत मुंबईला हरयाणाविरुद्ध ३५५ धांवा हव्या होत्या. मुंबई ३५२ वर संपली आणि करंडक दोन धांवांनीं गेला. त्या संघांत पंडित होते. परंतु त्याहून खोल जखम पुढेंच व्हावयाची होती. मुंबई सुटल्यावर ते आसाम आणि मध्य प्रदेश या संघांकडून खेळले, आणि १९९८-९९ सालीं मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामन्यांत कर्नाटकापुढें उभे राहिले. सामना बंगलोरच्या चिन्नास्वामी मैदानावर होता.

या ठिकाणीं स्पर्धेचा एक नियम समजून घेतला पाहिजे. पांच दिवसांचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावांत ज्याच्या धांवा अधिक तो संघ विजयी ठरतो. कर्नाटकानें पहिल्या डावांत ३०४ धांवा केल्या होत्या. मध्य प्रदेशनें ३७९ केल्या. म्हणजे ७५ धांवांची आघाडी पंडितांच्या संघाकडे होती. शेवटच्या डावांत त्यांना २४७ धांवा काढतां आल्या तर उत्तमच, पण त्या काढल्या नाहींत आणि नुसते दिवस संपेपर्यंत टिकले, तरी करंडक त्यांचाच होता. असें असूनही विजय भारद्वाज याच्या फिरकीपुढें संघ कोसळला. त्यानें २४ धांवांत ६ बळी घेतले, मध्य प्रदेशचा डाव १५० वर संपला, आणि ९६ धांवांनीं हार झाली. करंडकाचें सुवर्ण हाताला लागलें होतें, पण मूठ मिटतां आली नाहीं.

या हारीचें कारण कौशल्याचा अभाव हें नव्हतें. ज्यांनीं पहिल्या डावांत ३७९ धांवा केल्या, त्यांना खेळतां येत नव्हतें असें कोण म्हणेल? उणीव होती ती सवयीची. ज्या संघानें कधीं जिंकलेलें नसतें, त्याला जिंकण्याच्या शेवटच्या घटकेची ओळख नसते. ती घटका आली म्हणजे तो गांगरतो. मुंबईच्या संघांत वाढलेल्या पंडितांना हा भेद इतरांपेक्षां अधिक जाणवला असला पाहिजे. कारण मुंबईकडे ही सवय वारशानें येते. लहान प्रांतांना ती कोणी तरी लावावी लागते. शिक्षक म्हणून पुढें त्यांनीं जें केलें, तें सर्व या एका गोष्टीचा विस्तार आहे असें म्हणतां येईल.

खेळ सोडल्यावर ते प्रशिक्षक झाले, आणि मुंबईच्या संघानें त्यांच्या देखरेखीखालीं २००२-०३ व २००३-०४ असे लागोपाठ दोन हंगाम रणजी करंडक जिंकला. २०१५-१६ सालीं त्यांनीं मुंबईला पुन्हां तो मान मिळवून दिला. पुढच्याच हंगामांत मुंबई अंतिम सामन्यांत गुजरातकडून हरली आणि पंडितांचें तेथील काम संपलें. मुंबईला जिंकवून देण्यांत नवल तें काय, असें म्हणणारे लोक तेव्हांही होते. त्या आक्षेपाचें उत्तर देण्याची संधि त्यांना विदर्भानें दिली.

२०१७ सालीं ते नागपुरास आले, तेव्हां तेथें कांहींच नव्हतें असें समजणें चुकीचें होईल. जामठ्याचें भव्य मैदान २००८ सालापासून उभें होतें. फैज फजल याच्यासारखा नागपूरचा अनुभवी कर्णधार होता; मुंबईचे वसीम जाफर आणि कर्नाटकाचे गणेश सतीश पाहुणे खेळाडू म्हणून आले होते; रजनीश गुरबानी हा अभियांत्रिकीचा पदवीधर गोलंदाज आणि आदित्य सरवटे हा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार होत होते. माती होती, पाणी होतें. पाळ घालावयाची होती.

पंडितांची रीत कडक म्हणून प्रसिद्ध आहे. वेळेला वेळेवर हजर असणें, सरावांत अंगचोरपणा न करणें, कोणत्या खेळाडूचें नेमकें काम काय हें त्याला स्वच्छ सांगणें आणि त्यानें तेंच करावें असा हट्ट धरणें, या साध्या गोष्टींवर त्यांचा सारा भर असतो. वरवर पाहतां यांत विद्वत्तेचें कांहीं नाहीं. परंतु चार दिवस चालणाऱ्या सामन्यांत मनुष्य हरतो तो बहुधा अवघड चेंडूवर नव्हे, तर तिसऱ्या दिवशीं दुपारीं, थकलेल्या अंगानें आणि सैल पडलेल्या मनानें. त्या दुपारची तयारी महिनेच्या महिने आधीं करावी लागते. खेळाडूला संकटांत नवीन बुद्धि सुचत नाहीं. त्याला सवय आठवते. म्हणून शिक्षकाला बुद्धीपेक्षां सवयीची चिंता अधिक.

या तयारीची परीक्षा डिसेंबर २०१७ मध्यें कोलकात्यास झाली. उपांत्य सामन्यांत प्रतिपक्ष होता पुन्हां कर्नाटक, म्हणजे अठरा वर्षांपूर्वीं पंडितांच्या तोंडचा घास काढून घेणारा संघ. विदर्भाचा पहिला डाव १८५ धांवांत आटोपला; कर्नाटकानें ३०१ करून शंभरावर आघाडी घेतली. जुना विदर्भ असता तर सामना येथेंच संपला असता. परंतु दुसऱ्या डावांत विदर्भानें ३१३ धांवा केल्या आणि कर्नाटकापुढें १९८ धांवांचें लक्ष्य ठेवलें. शेवटच्या दिवशीं सकाळीं कर्नाटकाचे अखेरचे फलंदाज धांवेधांवेनें जवळ येत होते. त्या वेळीं गुरबानीनें हात थरथरूं दिला नाहीं. त्यानें डावांत ६८ धांवांत ७ बळी घेतले, आणि विदर्भ अवघ्या पांच धांवांनीं जिंकला. १९९९ सालीं शेवटच्या घटकेला जें हातून निसटलें होतें, तेंच येथें शेवटच्या घटकेला हातांत राहिलें.

अंतिम सामना दिल्लीशीं होता, आणि योगायोग असा कीं, तो इंदूरच्या होळकर मैदानावर होता. नागपूरच्या नायडूंचा पराक्रम ज्या घराण्याच्या नांवानें गाजला, त्याच नांवाच्या मैदानावर विदर्भाला आपलें भाग्य अजमावावयाचें होतें. गुरबानीनें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेऊन दिल्लीचा पहिला डाव २९५ वर संपविला. विदर्भानें उत्तरादाखल ५४७ धांवांचा डोंगर रचला. त्यांत अक्षय वाडकर या तरुण यष्टिरक्षकाचें शतक होतें. १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भानें नऊ गडी राखून सामना जिंकला. पहिलाच अंतिम सामना आणि पहिलाच करंडक.

एकदां मिळालेलें यश हा दैवयोग असूं शकतो. म्हणून दुसऱ्या वर्षाला महत्त्व. २०१९ च्या जानेवारीच्या आरंभीं गुरु आचरेकर निवर्तले. त्यानंतर महिन्याभरांत, फेब्रुवारीमध्यें, जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि सौराष्ट्र यांचा अंतिम सामना झाला. पहिल्या डावाची आघाडी केवळ पांच धांवांची. परंतु सरवटेनें सामन्यांत ११ बळी घेतले, चेतेश्वर पुजारा याच्यासारख्या कसलेल्या फलंदाजाला दोन्ही डावांत मिळून एकच धांव करूं दिली, आणि विदर्भानें ७८ धांवांनीं करंडक राखला. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. तुमसर किंवा साकोलीच्या मुलाला तोंवर क्रिकेट हा दूरच्या मुंबईचा किंवा दिल्लीचा मोठेपणा वाटत आला असेल, तर आतां तो मोठेपणा त्याच्या स्वतःच्या संघाच्या नांवावर लिहिला गेला होता. लहान गांवांच्या मनावर अशा विजयाचा जो परिणाम होतो, तो धांवफलकांत दिसत नाहीं.

२०२० सालीं पंडित मध्य प्रदेशास गेले. म्हणजे ज्या संघाच्या कपाळीं त्यांच्याच नेतृत्वाखालीं ती हार लिहिली गेली होती, त्याच संघाकडे ते परतले. जून २०२२ मध्यें अंतिम सामना ठरला तो बंगलोरच्या त्याच चिन्नास्वामी मैदानावर, आणि समोर होती मुंबई. मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार, म्हणजे तेही आचरेकरांचेच शिष्य. एकाच गुरूचे दोन विद्यार्थी दोन बाजूंना बसले होते. मुंबईच्या ३७४ धांवांना मध्य प्रदेशनें ५३६ धांवांनीं उत्तर दिलें. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनीं शतकें केलीं. या खेपेस आघाडी मिळाल्यावर संघ डगमगला नाहीं. पांचव्या दिवशीं १०८ धांवांचें लक्ष्य चार गडी गमावून पुरें झालें, आणि मध्य प्रदेशनें आपला पहिला रणजी करंडक जिंकला. तेवीस वर्षांपूर्वीं ज्या मैदानावरून ते रित्या हातानें परतले होते, त्याच मैदानावर साठीला पोंचलेला हा कठोर शिक्षक रडला. प्रशिक्षक म्हणून त्यांचा हा सहावा रणजी करंडक होता.

अशा कारकीर्दीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२२ च्या ऑगस्टमध्यें कोलकाता नाईट रायडर्स या व्यावसायिक संघानें त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमलें. २०२४ सालीं त्या संघानें स्पर्धा जिंकली. परंतु अनेक देशांतून जमलेल्या, स्वतःच्या रीती ठरून गेलेल्या प्रौढ खेळाडूंना दोन महिन्यांच्या मुक्कामांत शाळेसारखी शिस्त रुचेलच असें नाहीं; संघांतून खेळलेल्या एका परदेशी खेळाडूनें त्यांच्या करड्या वृत्तीविषयीं जाहीरपणें नाराजीही बोलून दाखविली. २०२५ चा हंगाम वाईट गेला आणि तें नातें संपुष्टांत आलें. यावरून असें दिसतें कीं, प्रत्येक औषधाची एक प्रकृति असते. ज्यांना अजून घडावयाचें आहे, त्यांना कडक हात मानवतो. जे घडून चुकले आहेत, त्यांना तो काचतो.

मग कठोर शिक्षकाची खरी परीक्षा कोणती? तो समोर उभा असतां शिष्य नीट वागतात, ही नव्हे. तें भयानेंही घडतें. तो निघून गेल्यावर काय उरतें, ही खरी परीक्षा. विदर्भानें या प्रश्नाचें उत्तर दिलें आहे. २०२३-२४ सालीं, पंडित जाऊन कांहीं वर्षें लोटल्यावर, विदर्भ पुन्हां अंतिम सामन्यांत पोंचला आणि मुंबईकडून हरला. हरल्यावर तो खचला नाहीं. पुढच्याच वर्षीं परत आला. मार्च २०२५ मध्यें नागपूरच्या मैदानावर केरळाविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, आणि पहिल्या डावांतील ३७ धांवांच्या आघाडीवर विदर्भानें तिसऱ्यांदा करंडक जिंकला. ज्या नियमाचा आधार १९९९ सालीं पंडितांना शेवटपर्यंत टिकवितां आला नव्हता, त्याच नियमाचा आधार धरून विदर्भ शांतपणें उभा राहिला. कर्णधार होता अक्षय वाडकर, इंदूरला शतक करणारा तोच तरुण. प्रशिक्षक होते उस्मान घनी, विदर्भाचेच जुने खेळाडू. हर्ष दुबे या फिरकी गोलंदाजानें त्या हंगामांत ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. आणि समोरच्या केरळच्या संघांत होता आदित्य सरवटे, २०१९ च्या विजयाचा शिल्पकार. विदर्भाचें पाणी आतां स्वतःचें शेत भिजवून दुसऱ्याच्या शेतालाही पुरूं लागलें होतें.

भंडाऱ्याच्या तलावांवर पाळ घालणाऱ्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं सांपडत नाहींत. धानाची रास घरांत आली म्हणजे लोक पावसाचे आभार मानतात. शिक्षकाच्या वांट्यालाही बहुधा हेंच येतें; धांवा फलंदाजाच्या नांवें, बळी गोलंदाजाच्या नांवें आणि करंडक कर्णधाराच्या हातीं. परंतु पाळ एकदां पक्की बसली म्हणजे ती घालणारा असो वा नसो, पाणी थांबतें.